बाईंनी दुरुस्त केलेलं वाक्य

बाई,

तुम्ही जिथं गाणं शिकवायचात त्या शाळेच्या सभागृहात परवा तुमची शोकसभा झाली. फोटो तोच लावला होता, बिनचष्म्याचा, तुम्हाला न आवडणारा. "यात मी कुणाची तरी नणंद वाटते," असं तुम्ही म्हणायचात. चौघं बोलले. चौघांनीही तुमचं एकच वाक्य सांगितलं: "सुराला जात नसते, असं मालतीबाई नेहमी म्हणत." लोकांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका गृहस्थांनी तर "वा!" म्हटलं.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का? मी हात वर केला. तेवढ्यात कुणीतरी घड्याळ दाखवलं आणि सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. मीही राहिले उभी, पण शांत काही नव्हते. कारण ते वाक्य तुम्ही कधीचंच सोडून दिलं होतं. त्याच्या जागी दुसरं घेतलं होतं, आणि त्या दुसऱ्या वाक्यापायी काय काय सोसलं होतं. हे त्या सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले.

म्हणून लिहितेय. तुम्ही वाचणार नाही, हे कळतं मला. पण इतकी वर्षं तुमच्याशी वाद घालत आले, तो वाद एका हारानं आणि चार भाषणांनी संपवायची माझी तयारी नाही.

मी परभणीला आले ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी. सोनपेठकडचं आमचं गाव, गोदावरीच्या काठचं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. परभणीत स्टेशनजवळच्या वस्तीत मावशीकडे राहायचे आणि संध्याकाळी तुमच्या गल्लीतून परत यायचे. माडीवरून गाण्याचा आवाज यायचा. मी खाली उभी राहायचे. असं बरेच दिवस चाललं, मग एकदा तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलंत, "रोज उभी असतेस, पाय दुखत नाहीत का? वर ये."

वर आल्यावर मी उंबऱ्याशीच सांगून टाकलं, "बाई, आम्ही बौद्ध आहोत." नंतर कळून पंचाईत नको, म्हणून आधीच.

तुम्ही म्हणालात, "मी ते विचारलं नाही. गळा कसा आहे ते विचारतेय. सुराला जात नसते. बैस."

एकोणीस वर्षांच्या पोरीला असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. मी बसले. गायला सांगितलंत तर मला एकच गाणं नीट येत होतं, माझी माय खुरपताना म्हणायची ते. डोळे मिटून म्हटलं. तुम्ही पेटीवर बोट ठेवून दोन जागा तपासल्यात आणि म्हणालात, "अगं, हे तर भीमपलास रागाच्या अगदी शेजारी बसतं. तुझ्या आईला राग येतात?"

"मायला राग येतो बाई," मी म्हटलं, "पण त्याला नाव नसतं. येतो तेव्हा समोरच्याला कळतो."

तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या खोलीतून तुमची म्हातारी आई बघायला आली.

पण माझ्या घरी गाण्याचं नाव काढणं सोपं नव्हतं. आमच्या बाला वाजवण्या-गाण्याचा तिटकारा होता. का, ते मला तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं, की धम्म घेण्याआधी गावाची हलगी आमच्या घराकडे होती आणि नंतर बानं ती सोडली. सुट्टीत गेले तेव्हा चाचरत सांगितलं, गाणं शिकायचं म्हणतेय. बाचं तोंड कडू झालं. विचारलं, "काय गाणं? कुणापुढं म्हणायचं?" मी घाबरून म्हटलं, "कुणापुढं नाही. राग शिकायचा. भीमपलास."

"काय म्हणलीस?"

"भीमपलास."

बानं ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाला, "भीमाचं नाव हाय नव्हं त्यात? शिक मंग."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "या नावाचा आणि तुझ्या वडिलांच्या मनातल्या नावाचा काही संबंध नाही. पण हे मी त्यांना कधीही सांगणार नाही." आणि खरंच नाही सांगितलंत.

तुमच्या वर्गात मी आले आणि काही मुली यायच्या बंद झाल्या. मी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, परीक्षा जवळ आल्यात त्यांच्या. मी शिक्षिका व्हायला निघाले होते बाई, शाळेच्या परीक्षा कधी असतात ते मला कळत होतं. तुम्हालाही ठाऊक होतं मला कळतंय ते. आपण दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही. तानपुरा जुळवून तुम्ही "सा लाव" म्हणायचात आणि मी लावायचे.

आपलं पहिलं खरं भांडण हलगीवरून झालं. तुम्हाला त्या काळात जिल्ह्यातले ताल आणि चाली गोळा करायचं वेड लागलं होतं. मी सहज बोलून गेले की आमच्याकडे लग्नाची हलगी वेगळी, मयताची वेगळी, पोळ्याची वेगळी. तुमचे डोळे असे चमकले, जणू कुणी घागरभर सोनं सापडल्याचं सांगितलं. "तुझे वडील वाजवतात?" वाजवायचे, मी म्हटलं. तुम्ही तेव्हाच ठरवलंत. पुढच्या रविवारी आपण सोनपेठच्या एसटीत होतो.

तुम्ही आमच्या घरी आलात, भुईवर बसलात, मायच्या हातची भाकरी आणि पिठलं मागून खाल्लंत. वस्तीतल्या बाया दारातून बघत होत्या. जेवण झाल्यावर तुम्ही विषय काढलात. बा म्हणाला, "बाई, तुमी आमच्या घरी आलात, जेवलात, लय बरं वाटलं. हलगीचं सोडून काईबी मागा."

"भाऊ, मी मागायला नाही आले, शिकायला आलेय. हे ताल कुणी लिहून ठेवलेले नाहीत. तुमच्यामागे ते राहणार नाहीत."

"मंग जाऊ द्या की. म्या कुठं धरून ठिवलेत?"

"एवढी मोठी विद्या..."

"इद्या?" बा हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "तुमच्या इद्येला कुणी हुकूम सोडतंय का बाई? हाय तसा ऊठ अन् ये म्हणून?"

मग बा बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"माझा बाप मेला त्या दिशी पाटलाच्या पोराची वरात हुती. मढं घरात. म्या सांगून धाडलं, आज येता येत न्हाई. तर पाटलाचा माणूस आला. म्हणला, मढं काय पळून चाललंय का? वरात आधी. गेलो. गावभर वाजिवली. अन् लोकं काय म्हणायलेत? म्हणं, आज लय रंगात हाय लेकाचा, असा कवाच वाजिवला नव्हता. घरी आलो तर बापाला उचलायची येळ. मयताची वाजवाव म्हणलं तर हातच उठंना. सगळ्या गावाची मढी वाजवत पोचिवली त्यानं. त्यो सोता बिनवाजता गेला."

मायनं पदर तोंडाला लावला. मी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते. सख्ख्या लेकीला न सांगितलेली गोष्ट बानं तुम्हाला सांगितली, कारण घरात बसून त्याला "शिकवा" म्हणणारं तोवर कुणी आलं नव्हतं. हे मला तेव्हा नाही उमगलं, मागून उमगलं.

बा पुढं म्हणाला, "धम्म घेतला तवा वस्तीनं हलग्या चुलीत घातल्या. म्या माझी गोदावरीत सोडली. बुडंना. दगूड बांधून सोडली."

दुसरं कुणी असतं तर इथं उठलं असतं. तुम्ही नाही उठलात. तुमचा आवाज बारीक झाला होता, तरी विचारलंतच, "भाऊ, ज्यांनी हे केलं त्यांचा राग तालावर का?"

"ताल येगळा अन् म्या येगळा कवा हुतो बाई? तालाला बोलवायचे तवा मलाच बोलवायचे."

परतीच्या एसटीत मी तुमच्याशेजारी बसले होते आणि आतून नुसती धुमसत होते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या वडिलांचं दुःख खरं आहे गं. पण ज्ञान बुडवणं हा त्यावर उपाय नाही."

"त्यांनी ज्ञान नाही बुडवलं बाई. वेठ बुडवली."

"अगं, पण सुराला जात..."

"सुराला नसेल! वाजवणाऱ्याला होती की. तुम्हीच सांगता ना, कान तयार पाहिजे? घरात बापाचं मढं ठेवून आलेला माणूस वाजवतोय, आणि अख्ख्या गावाला तो रंगात वाटतोय. त्या गावाचा कान कुठं होता, सांगा मला."

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाची गर्दी गाडीत चढली, नारळ-गुलालाच्या पिशव्या घेऊन. आपल्या दोघींच्या मध्ये एक आजीबाई येऊन बसल्या, म्हणून भांडण थांबलं. परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "उद्या तासाला ये. भांडण वेगळं, तास वेगळा."

मी आले. पण तुमचा तास बदलला होता. बंदिश सांगून झाली की तुम्ही विचारायला लागलात: ही कुणी, कुठं बसून गायली असेल? ऐकायला कोण बसलं असेल? आत कुणाला येऊ दिलं नसेल? तबल्याची कातड्याची पुडी कुणी मढवली, आणि तो माणूस मैफलीला होता का? मुली कंटाळायच्या. एकीनं विचारलंच, "बाई, हे परीक्षेत येतं का?"

"नाही येत," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच इथं शिकवतेय."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या गावाजवळ सडकेचं काम निघालं आणि माय खडी फोडायला जायला लागली. मी तुम्हाला सांगितलं, बाया तिथं गाणी म्हणतात. तुम्ही लगेच पायात चपला घातल्यात.

ते ऊन मला आठवतं. ओळीनं बसलेल्या बाया, डोक्यावर पदर, डोळ्यांपुढं धूळ. एक म्हणायची, बाकीच्या मागून उचलायच्या. तुम्ही दगडाच्या ढिगावर बसून हाताच्या बोटांवर मोजत होतात. मग माझ्या कानाशी म्हणालात, "बघ, हातोडा खाली येतो तेव्हा शब्द तुटतो आणि वर जातो तेव्हा श्वास. हे गाणं कामाला जोडलेलं नाही, कामातूनच निघालंय." मी म्हटलं, "चाल नंतर बघा बाई. शब्द ऐका आधी."

शब्द असे होते, पहिले कामावर वाटायचे त्या सुकडीच्या खाण्यावरचे:

सुकडी शिजली बाई, वास शिवेपार गेला
लेकराच्या आधी माझ्या, किडा जेवूनिया गेला

खडी फोडता फोडता, हाताला ग आला घट्टा
मुकादमाच्या डोईला, छत्रीचा ग थाट मोठा

मुकादम खरोखरच छत्री घेऊन उभा होता. पहिल्या ओवीला त्यानं कान दिला नाही, दुसरी झाली तशा बाया हसल्या आणि तो तरातरा आला. "गाणं बंद! इथं कामाला आलात का तमाशाला? जी गाईल तिची हजेरी लागणार न्हाई." सगळं चिडीचूप झालं. मायनं खाली मान घातली.

आणि मग बाई, तुम्हाला आठवतं ना, कुणीतरी तोंड मिटून गुणगुणायला सुरुवात केली. ओठ हलत नव्हते. मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता सगळी ओळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमायला लागली आणि हातोडे त्याच मोजणीनं पडायला लागले. मुकादम या टोकाकडून त्या टोकाला फिरला. कुणाचं तोंड उघडं नव्हतं. हजेरी कुणाची कापणार?

तुम्ही रडत होतात. मी पहिल्यांदा बघितलं. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मी पंचवीस वर्षं मुलींना 'तोंड उघडून गा' शिकवतेय."

त्या थंडीत तुमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणे म्हणून कुणी मोठे साहेब येणार होते. तुम्ही दहावीच्या मुलींना ते खडी फोडणाऱ्या बायांचं गाणं बसवलंत. मुख्याध्यापिकाबाईंनी तालीम ऐकली आणि तुम्हाला बोलावून घेतलं. हे तुम्हीच मला सांगितलंत, दोन्ही आवाज काढून.

"मालतीबाई, हे काय गाणं आहे? काहीतरी देशाचं घ्या."

"हे कुठल्या देशाचं आहे मग?"

संमेलनाला मी मागच्या रांगेत होते. मुलींनी दोन दगड समोर ठेवले होते, त्यावर ठोका देत त्या गायल्या. किड्याची ओवी आली आणि पुढच्या खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली. साहेब उठले नाहीत, पण त्यांनी मान फिरवून मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. काही पालक मुलींना हाताला धरून घेऊन गेले. गाणं संपलं तरी टाळी वाजेना. मग दाराशी उभ्या असलेल्या शिपाईणबाई वाजवायला लागल्या, एकट्याच. मी वाजवली दुसरी टाळी. मग मागच्या रांगा वाजायला लागल्या. तुम्ही स्टेजच्या बाजूला पेटीवर हात ठेवून बसला होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना आनंद. एखादी मोठी तान पुरी करून समेवर आलेल्या माणसासारख्या दिसत होतात.

पुढच्या सत्रात संगीताचा तास तुमच्याकडून काढला आणि शिवणाचा दिला. शिवण! तुम्हाला बटण लावता येत नव्हतं. तुम्ही तक्रार केलीत, अर्ज केलेत, भेटी घेतल्यात. काही झालं नाही. पण माफी मागा म्हटलं तेव्हा नाही म्हणालात. शिवणाच्या तासाला मुलींकडून तीनतालात टाके घालून घ्यायचात, असं त्या मुली अजून सांगतात.

त्या दिवसांत एकदा मी फार चिडून म्हटलं, माझ्यामुळं झालं हे सगळं. तुम्ही पेटीचं झाकण लावलंत आणि तुमची गोष्ट सांगितलीत. निजामाच्या काळातली. तुम्ही विशीच्या होतात, हैदराबादहून आलेल्या एका जाणत्या गवयानं तुमचं गाणं ऐकलं आणि एका जलशात गायला बोलावलं. वडील म्हणाले, "घरात गा, हवं तितकं गा. माजघराच्या पुढं आवाज नको." भावानं तानपुऱ्याला गवसणी घालून तो माळ्यावर टाकला. तुम्ही रडलात आणि गप्प बसलात.

"मला वाटायचं, तो आमच्या घराच्या अब्रूचा प्रश्न होता," तुम्ही म्हणालात. "त्याचा सुराशी काय संबंध? तुझ्या वडिलांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. त्यांना नको असताना वाजवायला लावलं, मला हवं असताना गाऊ दिलं नाही. हुकूम करणारा एकच होता. मी मात्र आयुष्यभर मुलींना सांगत बसले, सुराला जात नसते."

मग तुम्ही जे म्हणालात ते मी परवा सभेत सांगणार होते. तुम्ही म्हणालात, "हे वाक्य आता मी म्हणणार नाही. 'नसते' म्हटलं की काम संपलं, घरी जाऊन झोपायचं. 'नसावी' म्हणायचं. 'नसावी' म्हटलं की उद्या सकाळी उठून काहीतरी करावं लागतं."

त्यानंतर तुम्ही खरोखरच उठून करत राहिलात. शाळेत शिवण आणि संध्याकाळी आमच्या स्टेशनजवळच्या वस्तीत येऊन गाणं. समाजमंदिराच्या ओट्यावर पोरी गोळा करून. तुमच्या गल्लीत लोक काय बोलायचे ते तुमच्या आई मला सांगायच्या, तुम्ही कधीच नाही. मला नोकरी लागली, पोखर्णीच्या वाटेवरच्या एका गावात, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या आधी तुम्ही स्टँडवर हजर होतात. म्हणालात, "पोरांना प्रार्थना शिकवशील तेव्हा कोण कुठल्या रांगेत उभं आहे ते बघ. सूर नंतर."

पण हलगीवरून तुम्ही माघार घेतली नाहीत आणि मीही नाही. गावाकडच्या वस्तीतली तरणी पोरं आता म्हणतात, आपल्या मोर्चाला आपली हलगी पाहिजे, वेठीची नाही, आपल्या मर्जीची. ती आमच्या बाकडे विचारायला गेली. बानं त्यांनाही नाही म्हटलं. तुम्ही पोरांच्या बाजूनं होतात. मी बाच्या बाजूनं. पण खरं सांगू का, कधी कधी मी पोरांच्या बाजूला जायचे आणि तुम्ही बाच्या, आणि मग दोघी हसायचो.

काविळीनं तुम्ही इतक्या लवकर खचाल असं वाटलं नव्हतं. दवाखान्यात आले तर डोळे हळदीसारखे. उशी सारखी करून दिली. तुम्ही म्हणालात, "हलगीचं मला अजून पटलेलं नाही बरं का."

"मलाही तुमचं नाही पटलेलं."

"मग ठीक आहे," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. आपलं शेवटचं बोलणं तेच. लोक म्हणतात, शेवटी काहीतरी चांगलं बोलून घ्यावं माणसाशी. मला वाटतं, आपण बोललो ते चांगलंच होतं.

एक मात्र राहून गेलं. मी तुमचं गाणं खूप ऐकलं, पण ते शिकवताना. एक ओळ दाखवायची आणि आमच्याकडून घ्यायची. तुम्ही पूर्ण राग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, समोर माणसं बसलेली असताना गाताय, हे मी पाहिलंच नाही. ओट्यावर एकदा बसवायचं होतं तुम्हाला, वस्तीसमोर. मी मनात ठरवून ठेवलं होतं, सांगितलं नव्हतं. वाटलं, आहेत की बाई.

तुम्ही गेल्याचं सांगायला मी गावी गेले. बा अंगणात दोर वळत बसला होता. ऐकून त्याचे हात थांबले. मग म्हणाला, "बाई माझ्यासंगं भांडली, बघ. माझ्या घरात बसून. आपल्याला हुकूम सोडायला लय येतात. भांडायला कोण येतंय?"

मी तुम्हाला कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. बाच्या या बोलण्यात माझेही धरा.

आता पुढचं. शोकसभेनंतर तुमच्या क्लासच्या काही पालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, बाईंचा वर्ग बंद पडू नये, तुम्हीच चालवा. मी हो म्हटलं. मग एक जण म्हणाले, "जागा आमच्याकडे घेऊ, कॉलनीत. तुमचं घर जरा लांब पडतं." त्यांच्या घरापासून माझं घर किती लांब आहे ते मला माहीत आहे, सायकलवर घाम येत नाही तेवढं. मी म्हटलं, "वर्ग माझ्याच घरी होईल, स्टेशनजवळ. संध्याकाळी पाचला. वस्तीतल्या पोरी असतील, तुमच्याही येऊ द्या. एकाच सतरंजीवर."

ते विचार करून सांगतो म्हणाले. मी त्यांच्या विचाराची वाट पाहिली नाही. दोन खोल्यांतली पुढची रिकामी केली. पहिल्या दिवशी फक्त वस्तीतल्या पोरी होत्या. दुसऱ्या दिवशीही. मी माझ्या ठरल्या वेळी शिकवत राहिले. काल कॉलनीतली एक मुलगी आली. तिला सोडायला आलेली आई मात्र रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभी राहिली, पदर कानावरून ओढून, तासभर.

आजही ती तिथंच येऊन उभी राहिली आहे, खिडकीतून दिसतेय. पोरी आत बसून सूर लावायल्यात. एवढं लिहून ठेवते आणि उठते बाई. रस्ता ओलांडून जाते आणि तिला म्हणते, "उभ्या उभ्या पाय दुखत नाहीत का? आत चला, गळा तुमचाही आहे."